वाटी, मिरची, ताट

बी.ए.ला माझा विषय राज्यशास्त्र होता. ‘पक्षपद्धतींचे प्रकार’ हे प्रकरण परीक्षेत हमखास यायचं, म्हणून नाशिकच्या खोलीत येरझाऱ्या घालत मी ते तोंडपाठ केलं होतं. एकपक्ष पद्धती, द्विपक्ष पद्धती, बहुपक्ष पद्धती. प्रत्येकीचे गुण पाच आणि दोष पाच. या ज्ञानाचा पुढे काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं आणि माझ्या वडिलांना तर मुळीच नाही. ते सरळ विचारायचे, “हे शिकून तू कोणाचं सरकार पाडणार आहेस?” पुढे मी एका वर्षात तीन सरकारं पडताना जवळून पाहिली आणि शेवटी सगळा कारभारच स्वतःच्या सहीने बंद केला. फक्त तो कारभार सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यातल्या कँटीनचा होता.

मी त्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. या नोकरीत माणूस नेमकं काय करतो, हे माझ्या बायकोला आजही कोणाला धड सांगता येत नाही. हजेरी, रजा, ओळखपत्रं, पगारपत्रकातल्या चुका हे तर झालंच. शिवाय कोणाची खोलीमालकाशी जुंपली तर चौकीत जाऊन बसायचं, कोणाचं लग्न ठरलं तर सुपरवायझरला रजेसाठी पटवायचं, कोणी मशीनवर झोपला तर तो आजारी होता असं आधी स्वतःला आणि मग साहेबाला समजवायचं. कामगारांना वाटतं हा मालकाचा माणूस, मालकाला वाटतं हा कामगारांना सामील. दोघांना एकाच वेळी तसं वाटत असेल तर काम बरं चाललंय असं समजावं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे रुजू झालो तेव्हा करसवलतीमुळे सिल्वासात शेडमागून शेड उभी राहत होती. साहेब लोक मुंबई-पुण्याचे, टोकरखाड्याच्या कॉलनीत राहणारे. मशीनवर शिरपूर, नंदुरबार, चाळीसगावकडचे गडी; आमली गावात एकेका खोलीत सहा-सहा जण. डिस्पॅच आणि गोदामात गुजराती मंडळी. आणि पॅकिंगला खेरडी आणि आसपासच्या गावांतल्या वारली बायका, सकाळी चालत येणाऱ्या. मी सटाण्याचा खैरनार. त्यामुळे खानदेशातल्यांना वाटायचं की मी त्यांचा, आणि बाकीच्यांनाही नेमकं तेच वाटायचं.

आता कँटीनकडे येतो. कायदा असा होता की अमुक एवढे कामगार असले की कारखान्यात कँटीन हवं, आणि ते चालवायला एक कमिटी हवी. तिच्यात पाच जण कंपनीने नेमलेले, पाच कामगारांनी निवडून दिलेले. कंपनीचे पाच फक्त सहीपुरते. कामगारांचे पाच आपल्यातून एक सचिव निवडत, आणि आठवड्याचा मेनू, जेवणाच्या वेळा, स्वयंपाकाचा ठेका या सगळ्यावर त्या सचिवाची सही लागे. पद तसं बिनपगारी होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या बहुतेक कामगारांची नावं मतदारयादीत होती ती त्यांच्या गावाकडे, आणि मतदानासाठी म्हणून गावी जाणं कोणाला परवडत नसे. कारखान्यात युनियनही नव्हती. म्हणजे वर्षानुवर्षं या माणसांना कुठेही मत द्यायला मिळत असेल, तर ते डाळीसाठी.

मी गेलो तेव्हा शुद्ध एकपक्ष पद्धती होती. पक्षाचं नाव अंबालालभाई. डिस्पॅचचे कारकून, पन्नाशीचे, कपाळावर टिळा आणि खिशाला तीन पेनं. दरवर्षी ते आपल्या चार माणसांसह पाच अर्ज आणून द्यायचे, सहावा अर्ज यायचा नाही, आणि मी ‘बिनविरोध’ असा शेरा मारायचो. एकपक्ष पद्धतीत शिस्त असते असं पुस्तकात होतं, ते खरं आहे. जेवण बाराच्या ठोक्याला तयार असे. ताटं स्वच्छ असत. आणि डाळ गोड असे, बारा महिने.

मी एकदा भीत भीत विचारलं, तर अंबालालभाई खरोखर चकित झाले. “अरे खैरनारभाई, दाळमध्ये गोळ नाय टाकला तर ती दाळ कशी? ते तर मीठाचं पाणी झालं. बराबर ने?” त्यांच्या दृष्टीने हा राजकीय प्रश्नच नव्हता.

विरोधी पक्षाचा जन्म झाला तो भटू पाटलाच्या ताटात. भटू शिरपूरकडचा, मशीनवरचा उत्तम ऑपरेटर, आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा. एका दुपारी तो वाटी घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला. वाटी माझ्या फायलींवर ठेवली आणि म्हणाला, “साहेब, हाई दाय शे का शिरा शे? आम्हना गावमा लगनमा बी इतलं गोड ऱ्हात नही.” मी म्हटलं, भाऊ, निवडणूक लढव. मी गमतीने म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पाच अर्ज आणून दिले आणि वर मला हळूच म्हणाला, “तुम्ही आपलाच शेतस ना?”

माझ्या आयुष्यातली ही पहिली निवडणूक, आणि निवडणूक अधिकारी मीच. राज्यशास्त्राची पदवी अशी वर आली की काही विचारू नका. पुष्कळ जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं दिली. अंबालालभाईंना वाटी, भटूला मिरची. मेंटेनन्सच्या पेंटरने तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांवर ती लाल रंगाने काढली. ज्या डब्यात जितकी मतं, त्या प्रमाणात पाचांपैकी जागा. डबे धान्याच्या कोठीत ठेवले. एकेकाने आत जायचं, दार लोटायचं, मत टाकायचं. राहिला प्रश्न मतपत्रिकांचा. त्या छापायला मॅनेजरसाहेब मंजुरी देईनात. तेव्हा मला बिल्ल्याची कल्पना सुचली.

बिल्ला म्हणजे पत्र्याची गोल चकती, वर कामगाराचा नंबर ठोकलेला. सकाळी गेटवर आपला बिल्ला घ्यायचा, जेवताना तो कँटीनच्या खिडकीत द्यायचा आणि ताट घ्यायचं. प्रत्येकाकडे एकच बिल्ला, म्हणजे प्रत्येकाला एकच मत. बोगस मतदान अशक्य. मी इतका खूश झालो की ही पद्धत दिल्लीला कळवावी असं मनात येऊन गेलं.

मतदान सकाळी अकराला सुरू झालं, शिस्तीत पार पडलं, मी दोन्ही डबे ऑफिसात आणून कुलपात ठेवले. बारा वाजता घंटा झाली. माणसं कँटीनच्या खिडकीशी गेली आणि आमच्या राजस्थानी महाराजने, म्हणजे ठेकेदार आचाऱ्याने, रोजचंच वाक्य म्हटलं, “बिल्ला नहीं तो थाली नहीं.”

सगळ्यांचं जेवण माझ्या कुलपात होतं. हे ना मला सुचलं होतं, ना अंबालालभाईंना, ना भटूला. आम्ही सगळे लोकशाहीत इतके रमलो होतो की भुकेचा विचार कोणी केलाच नाही. मग खिडकीबाहेर भुकेल्या माणसांचा आरडाओरडा आणि आत मी, टाइमकीपर आणि वॉचमन बिल्ले मोजतोय, असा प्रकार. वाटीला तीन जागा, मिरचीला दोन. मी निकाल जाहीर केला तो कोणी ऐकला नाही. सगळे आपला नंबर शोधत होते.

पुढचं वर्षभर आमच्याकडे द्विपक्ष पद्धती नांदली. पुस्तकात लिहिलं होतं की या पद्धतीत विरोधी पक्ष सरकारला ताळ्यावर ठेवतो. आमच्याकडे त्यामुळे डाळीचा गूळ निम्म्यावर आला, आणि सत्ताधारी व विरोधक दोघेही म्हणू लागले की डाळ बिघडली.

या सगळ्या चर्चेत पॅकिंगच्या बायकांचं नाव कोणी घेत नव्हतं. त्यांचं दुःख डाळीच्या चवीचं नव्हतंच. कँटीनमध्ये एका वेळी शंभर माणसं बसत, म्हणून तीन पंगती असत. पहिली ऑफिस, सुपरवायझर आणि मेंटेनन्सची. दुसरी मशीनवाल्यांची. तिसरी पॅकिंगची, एक वाजता. तोवर भाजी संपलेली असे आणि डाळीत पाणी पडलेलं असे. सकाळी सहाला घर सोडून चालत आलेल्या बायका एक वाजता भात आणि त्यावर ते पाणी खात. मी हे रोज पाहत होतो. मी पहिल्या पंगतीत जेवत असे, आणि एक वाजता हे पाहून ऑफिसात परत जात असे.

दुसऱ्या वर्षी अर्ज भरण्याच्या दिवशी त्यांच्यातली सोमीबाई आली. खेरडीची, पस्तिशीची, अंगठा लावणारी. धागा गुंडाळलेल्या कोनांची खोकी उचलून उचलून तिचे खांदे गड्यासारखे झाले होते. ती म्हणाली, “साहेब, माझाबी फारम लिवा. आमाला पयली पंगत पायजे.”

“आणि मेनूचं काय?”

“मेनू कायबी ठेवा. ऊन असला तं झाला.”

मी तिला ताट हे चिन्ह दिलं. अंबालालभाई आणि भटू दोघांनीही हसून घेतलं. एकाच मागणीचा पक्ष टिकत नाही, असं भटू मला समजावून गेला. गंमत म्हणजे त्याचाही पक्ष मिरचीवरच उभा होता.

या खेपेला मी शहाणा झालो होतो. मतदान सकाळी आठला, मोजणी नऊला, दहापर्यंत बिल्ले ज्याचे त्याला परत. एकही बिल्ला हरवू नये म्हणून मी एक रजिस्टर केलं. तीन रकाने: वाटी, मिरची, ताट. ज्या डब्यातून जो बिल्ला निघेल, त्याचा नंबर त्या रकान्यात लिहायचा आणि मग परत द्यायचा. इतकं नीटनेटकं रजिस्टर मी नोकरीत दुसरं ठेवलं नाही.

मतदानाच्या दिवशी सोमीबाई कोठीच्या दारात थबकली. हातातला बिल्ला उलटसुलट करून पाहिला, मग माझ्या टेबलावरचं रजिस्टर पाहिलं.

“साहेब, या बिल्ल्यावर माझा नंबर हाय ना?”

“आहे की.”

“मंग मी कोणाला मत देलां, तां तुमाला कळंल.”

ती पुढे म्हणाली, “आमी गावच्या शाळेत मत द्यायला जातूं, तिथं शिक्का मारतां, कागूद घडी करतां, पेटीत टाकतां. तिथं नंबर कोण लिवत नाय.”

तीनशे माणसांच्या कारखान्यात गुप्त मतदान म्हणजे काय हे ठाऊक असलेली ती एकटी निघाली, कारण आम्हा बाहेरून आलेल्यांपैकी कोणी कित्येक वर्षं खरं मत दिलंच नव्हतं. तिच्यासारखे गावचे लोक मात्र दर निवडणुकीला जात होते. मला लाज वाटली, पण रांग खोळंबली होती, म्हणून मी म्हटलं, “सोमीबाई, रजिस्टर माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. दुसरं कोणी बघणार नाही. माझा शब्द.” ती बिल्ला मुठीत धरून आत गेली.

निकाल लागला तो असा: वाटी दोन, मिरची दोन, ताट एक. आली बहुपक्ष पद्धती. सचिव व्हायला तीन मतं हवीत, आणि तिसरं मत सोमीबाईच्या पदराला. दोन मोठे पक्ष, हसायचे थांबून, तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसू लागले.

पहिला पाठिंबा तिने अंबालालभाईंना दिला. अट एकच, पहिली पंगत. अंबालालभाई म्हणाले, “सोमवारपासून.” पुष्कळ सोमवार गेले. पहिल्या पंगतीत मॅनेजरसाहेब स्वतः बसत, त्यांना उठवायचं कोणी, हा खरा पेच होता. पण अंबालालभाई कधी ताटं कमी असल्याचं सांगत, कधी मुहूर्त नसल्याचं. दोन महिन्यांनी सोमीबाई मीटिंगमध्ये उभी राहिली, “माझा हात काढला,” म्हणाली आणि बसली. सरकार पडलं.

मग भटूचं सरकार. शनिवारी भाकरी सुरू झाली. महाराजने जन्मात भाकरी थापली नव्हती. ती अशी होई की मेंटेनन्सवाले तिला रबरी गॅस्केट म्हणत. पंगतीचं मात्र तेच. भटूचे स्वतःचे मशीनवाले म्हणाले, बाया पुढे आल्या तर आपण तिसरे होऊ. पक्षांतर्गत दबाव म्हणतात तो हाच. सोमीबाईने दुसऱ्यांदा हात काढला.

तिसरं सरकार तिच्याशिवाय बनलं. अंबालालभाईंनी भटूचा एक सदस्य फोडला, रविवारच्या पाळीला जिलबी देण्याच्या बोलीवर. पक्षांतर इतक्या थोड्या तुपात होतं हे मला पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तीन रविवारांनी महाराजने जिलबी बंद केली आणि तो सदस्य पुन्हा भटूकडे गेला. दिल्लीतही त्या काळात सरकारं येत-जात होती, पण निदान तिथली माणसं जिलबीचं नाव घेत नसत.

इथवर सगळी मौज होती. पण सचिव नाही म्हणून महाराजच्या ठेक्याच्या कागदावर कामगारांची सही होईना, आणि एका सकाळी मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं. साहेब मुंबईचे, हुशार, आवाज कधी न चढवणारे.

“खैरनार, हे कँटीन आहे की लोकसभा?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“त्या पॅकिंगच्या बाईला एकूण मतं किती?”

“एक्केचाळीस.”

“पॅकिंगला बायका सव्वीस. बाकीचे पंधरा कोण? तुमच्याकडे नंबर आहेत म्हणे. रजिस्टर आणून द्या.”

त्यांच्या टेबलावर दुसरा एक कागद होता, तो मीच आदल्या दिवशी ठेवला होता: हंगामी कामगारांपैकी यंदा कायम कोणाला करायचं त्यांची यादी. सोमीबाईचं नाव तिच्यात होतं. चार वर्षं हंगामी राहून, यंदा पहिल्यांदा. साहेबांनी त्या यादीवर नुसतं बोट टेकवलं आणि म्हणाले, “संध्याकाळपर्यंत.”

मी माझ्या टेबलाशी येऊन ड्रॉवर उघडला. खरं सांगतो, तोपर्यंत मी ते रकाने कधी वाचले नव्हते, नुसते लिहिले होते. आता ताटाचा रकाना वर्गवार लावत गेलो. सव्वीस पॅकिंगच्या बायका. गोदामातले काही. मशीनवरचे काही हंगामी गडी. आणि दोन नंबर असे, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. एक अंबालालभाईंचा होता. दुसरा भटू पाटलाचा.

मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. आपापल्या पक्षाचे झेंडे घेऊन वर्षभर भांडणारे हे दोन पुढारी. दार लोटून एकटे आत गेले, तेव्हा दोघांनीही आपला बिल्ला त्या बाईच्या डब्यात टाकला होता. डिस्पॅचचं टेबल पॅकिंगच्या समोरच होतं. अंबालालभाईही माझ्यासारखेच रोज पाहत असणार. उघडपणे त्यांना ते करता येत नव्हतं. बंद दाराआड करता आलं. त्या दाराची किंमत मला तिथे कळली, आणि दार मी लावलं होतं तरी कडी माझ्या रजिस्टरने काढून ठेवली होती.

(हे आज उघड लिहितो आहे. अंबालालभाई आता नाहीत. भटूला फोन करून विचारलं, तर म्हणाला, “लिखा साहेब, आते कोन काय करी?” आपल्या बायकोला मात्र हे छापलेलं दाखवणार नाही म्हणाला, ती पक्की मिरचीवाली होती.)

चहाच्या सुट्टीत मी ताटाच्या नंबरांचं पान फाडलं, महाराजकडे गेलो आणि भट्टीत टाकलं. मग मी साहेबांकडे जाऊन सांगितलं की पान सापडत नाही.

“सापडत नाही,” साहेब म्हणाले. “ठीक आहे. मग पुन्हा असं पान तयारच व्हायला नको. निवडणूक बंद. कमिटीवर माणसं तुम्ही नेमा, मी सही करतो. तशी नोट लिहा.”

इथे माझ्यातला पर्सोनेल ऑफिसर जागा झाला. आयुष्यभर मी हेच करत आलो होतो, काही द्यायचं, काही घ्यायचं. मी म्हटलं, “लिहितो साहेब. पण मग पॅकिंगला पहिली पंगत द्या, आणि कायमची यादी आहे तशी राहू द्या.” साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “द्या,” म्हणाले. दहा मिनिटांत झालं. जे तीन सरकारांना जमलं नाही ते मी एका नोटेवर करून दाखवलं, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मी घरी बायकोला श्रीखंड आणून दिलं.

शेवटच्या मीटिंगमध्ये पहिल्या पंगतीचा ठराव अंबालालभाईंनी मांडला, भटूने अनुमोदन दिलं, पाचही हात वर झाले. मग मी निवडणूक बंद करण्याची नोट वाचली. अंबालालभाईंनी मान डोलावली. त्यांना निवडणुकीची फारशी सवय नव्हतीच. भटू म्हणाला, “म्हणजे आते आम्हले कोन इचारी?” मी म्हटलं, अरे, तुझं नाव कमिटीत आहेच, मी नेमलंय. तुम्हा तिघांनाही नेमलंय. सोमीबाईला कायम झाल्याचं पत्र त्याच आठवड्यात मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता सव्वीस बायका पहिल्या पंगतीला बसल्या. भाजी होती, डाळीतून वाफ निघत होती. मी त्या दिवशी मुद्दाम तिसऱ्या पंगतीत जेवलो. इतक्या वर्षांनीही, माझ्या हातून नोकरीत झालेलं एक चांगलं काम सांगा म्हटलं तर मी तेच सांगेन. फक्त पुढचंही सांगावं लागतं.

पुढे बरीच वर्षं तशी गेली. कमिटीत तीन पक्ष होते आणि निवडणूक नव्हती. ही कोणती पद्धती, याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही. मीटिंगला लोक यायचे, मी लिहून आणलेलं ऐकायचे, चहा प्यायचे. भांडणं थांबली. डाळ हळूहळू पुन्हा गोड झाली, आणि त्याबद्दल कोणी माझ्या फायलींवर वाटी आणून ठेवली नाही. ही शांतता मी वार्षिक अहवालात ‘औद्योगिक सलोखा’ म्हणून लिहीत असे.

नव्वदीच्या मध्यावर साहेब बदलले. नवे पुण्याचे, वेळापत्रकाचे भोक्ते. आल्यावर महिन्याभरात त्यांनी एक सर्क्युलर काढलं: पहिली पंगत ऑफिस आणि सुपरवायझर, तिसरी पॅकिंग. मी आत जाऊन ठरावाची आठवण दिली. त्यांनी शांतपणे विचारलं, “ठराव कोणाचा? कमिटी तर आपणच नेमतो ना?” नोट माझ्याच अक्षरात फायलीत होती.

सर्क्युलर बोर्डावर लावायचं काम माझंच. ते लावण्याआधी पॅकिंगमध्ये जाऊन स्वतः सांगावं असं ठरवलं. बायका हातातलं काम न थांबवता ऐकत राहिल्या. सोमीबाईचे केस पिकले होते. मी खूप काही बोललो. नवे साहेब, मी प्रयत्न केला, मी पुन्हा बोलेन. तिने खोकं पट्टीने बांधून बाजूला सरकवलं आणि दुसरं पुढे ओढलं. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तसं मी तिला म्हटलंही, “सोमीबाई, रागव तरी माझ्यावर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडावर राग नव्हता, उलट मला समजावल्यासारखं ती म्हणाली, “तुमच्यावर कशाला रागवू, साहेब? तुमाला कुठं आमी निवडून देलां.”